उंच स्टूल
अनावश्यक खरेदी बंद, हे आमच्या घरात आईनेच ठरवलं. "आहे त्यात समाधान मानू या. खरंच लागेल ते देव देतोच," म्हणाली आणि फ्रिजशेजारच्या खिळ्याला वही टांगली. हवीशी वस्तू तारीख घालून लिहायची, तीस दिवस थांबायचं. तोवर हौस ओसरली, तर ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं. नाही खोडलं तर वस्तू आणायची. माझे बूट, ताईची पर्स, सगळं खोडलं गेलं. आई तर एकोणतिसाव्या दिवशी न चुकता आपली ओळ खोडायची आणि हसायची, "बघा, काही अडलं का?" आम्ही कौतुकाने माना डोलवायचो, काय खोडलं ते कुणी वाचलं नाही. या खेपेला बाविसाव्या दिवशीच आई ओट्यापाशी उभ्या उभ्या कोसळली आणि गेली. आठ दिवसांनी ताई वही काढायला लागली, तर जन्मभर घड्याळं दुरुस्त करणारे आमचे बाबा तिच्यावर खेकसले, "हात लावू नकोस! आज तिसावा दिवस आहे. तिने खोडलेलं नाही." तसेच बाजारात गेले आणि लाकडी उंच स्टूल घेऊन आले. ओट्यापाशी ठेवलं, हलत नाही ना ते दोनदा पाहिलं. मी वही उघडली. शेवटची ओळ आईच्या अक्षरात होती, 'ओट्यापाशी बसायला उंच स्टूल.' मग मागची पानं उलटत गेलो. अकरा महिने, आईच्या अकरा खोडलेल्या ओळी. प्रत्येक ओळीत तेच स्टूल होतं.