पडद्याआडचा पूल

केबिनच्या खिडकीतून पूल समोरच दिसतो, पण स्क्रीनवर उजेड पडतो म्हणून आमचे प्रकल्पप्रमुख साहेब पडदा ओढून बसतात. पूल एक तारखेला सुरू होणार का, हे त्यांना त्यांचा एआय एजंट सांगतो. पुढे काय घडेल यावर लोक जिथे पैसे लावतात, त्या ऑनलाइन बाजारातला ताजा आकडा तो चुटकीसरशी काढून देतो. काल 'होणार'चा आकडा एकाहत्तर टक्के होता. तेवढ्यावर साहेबांनी आज सकाळी पत्रकारांना तारीख ठोकून दिली.

दुपारी साइटवरचा मुकादम चिखलाच्या बुटांनीच आत आला. "साहेब, मधला गाळा अजून टाकलाच नाहीये. पुलाच्या मधोमध मोकळंच आहे, खाली थेट नदी दिसते."

"तुमच्या दोन डोळ्यांवर विश्वास ठेवू, की खिशातले पैसे लावणाऱ्या हजारो लोकांवर?" म्हणत साहेबांनी एजंटला पुन्हा आकडा विचारला. तो शहाण्णववर गेला होता.

"एवढा कशामुळे वाढला रे?"

एजंट म्हणाला, "आज सकाळी प्रकल्पप्रमुखांनी छातीठोकपणे तारीख जाहीर केली, त्यामुळे."

 

साहेब विजयी मुद्रेने मुकादमाकडे वळले, "ऐकलंत? थेट आतल्या गोटातली बातमी आहे!"