लपवलेलं मशीन

सासूबाईंच्या उमेदीच्या काळात वॉशिंग मशीन थेट दिवाणखान्यात, टीव्हीच्या शेजारी असायचं. वर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी! पुढे ते घरोघरी आलं, तशी त्याची रवानगी आधी बाथरूममध्ये झाली, मग गॅलरीत.

नव्या घरात सूनबाईंनी तर कमालच केली. स्वयंपाकघरातल्या कपाटात मशीनसाठी खण करून घेतला आणि त्याला भिंतीच्या रंगाचं दार लावलं. जुन्या फोटोतली ती फुलदाणी बघून त्या खो खो हसल्या.

"आई, मशीन काय मिरवायची वस्तू आहे? घरात आहे हे कुणाला कळतासुद्धा कामा नये."

त्या आठवड्यात मैत्रिणी, शेजारणी, ऑफिसातल्या बायका, झाडून सगळ्या घर बघायला येऊन गेल्या. "ओळखा पाहू, मशीन कुठंय?" सूनबाई प्रत्येकीला विचारायच्या आणि ऐटीत दार उघडायच्या.

शनिवारी दाराची बिजागरी निखळली. सुतारानं कपाळाला हात लावला. "आठ दिवसांत? अहो आजी, दिवसातून कपडे धुता तरी किती वेळा?"

"अजून एकदाही नाही," सासूबाई म्हणाल्या. "नळ जोडणारा उद्या यायचाय."