बोला ना, मी ऐकतेय

“नमस्कार, बोला ना, मी ऐकतेय,” पलीकडून आई म्हणाली, आणि मुलीने घाईघाईने तोंडावर रुमाल दाबला.

फोन मैत्रिणीचा होता, जागा शाळेच्या जिन्याखालची होती आणि मधली सुट्टी संपत आली होती. मैत्रीण शेजारी उभी राहून खुदुखुदु हसत होती. सगळं सुरू झालं ते पैजेवरून. “माझी आई कामावर इतकी गोड बोलते की तुला खरं वाटणार नाही,” मुलगी म्हणाली होती. “तुझी आई? गोड?” मैत्रिणीने विचारलं होतं. तिने घरी येऊन आईचा अवतार पाहिलेला होता.

आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. डॉक्टर म्हणायचे, रिसेप्शन म्हणजे दवाखान्याचा चेहरा, आणि चेहऱ्याला सुट्टी नसते. म्हणून बारा महिने आईच्या कपड्यांची इस्त्री मोडायची नाही, की ओठांवरचं हसू. पेशंट वाट बघून कावले, अंगावर धावून आले, तरी कपाळावर आठी म्हणून नाही. वर्षभर एकही तक्रार नाही म्हणून दरवर्षी तिचा सत्कार व्हायचा. घरी आली की मात्र चपलांबरोबर तो चेहराही ती दाराबाहेरच काढून ठेवायची. “अर्धा तास कुणी माझ्याशी बोलू नका.” तो अर्धा तास झोपेपर्यंत चालायचा. आता यात तिचं चुकत होतं असंही नाही. दिवसभर लोकांना वाटून वाटून गोडवा संपतच असणार, टाकीतलं पाणी संपतं तसा. पण घरच्यांच्या वाट्याला रोज तळाचा गाळच यायचा, त्याचं काय करायचं?

“माझी दाढ दुखतेय,” मुलगी रुमालातून म्हणाली.

आणि गंमत म्हणजे हे खोटं नव्हतं. दाढ खरंच ठणकत होती. घरी तिने एकदा सांगून पाहिलं होतं. “खा अजून चॉकलेटं,” दातांच्या दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या होत्या, आणि विषय तिथेच मिटला होता.

“अगं बाई,” आई म्हणाली. “कधीपासून दुखतेय, बाळा?”

बाळा. मैत्रिणीने डोळे मोठे केले. मुलीचं हसू मात्र कुठल्या कुठे पळालं.

“आठ दिवस झाले.”

“आठ दिवस? आणि कसे काढलेस गं तू? झोप तरी लागते का?”

“नाही. गालाखाली उशी घट्ट दाबून पडून राहते. आणि आता सूजपण आलीय.”

“तरी गप्प राहिलीस? शहाणी माझी.”

मुलीला एकदम सगळंच सांगावंसं वाटायला लागलं, दाढेचं आणि दाढेपलीकडचंही. घंटा झाली. मैत्रीण बाही ओढायला लागली. मुलीने तिच्याकडे पाठ फिरवली.

“घरी सांगितलंस का?” आईने विचारलं.

“आई कामावर असते.”

“मग आली की सांगायचं.”

“आली की दमलेली असते.”

पलीकडे शांतता पसरली. मुलीला वाटलं, आईने ओळखलं. आता बोलणी बसणार. बसू देत. आठवडाभर ओरडू दे तिला, पण ओळखू दे. तिने तोंडावरचा रुमाल काढला आणि आपल्या रोजच्या, घरातल्या आवाजात सांगितलं, “ती माझं ऐकूनच घेत नाही.”

“नाही गं, असं नसतं,” आई म्हणाली. आवाज तसाच, मऊ. “आईला सगळं कळत असतं. आज संध्याकाळी तिला घेऊन ये. मी डॉक्टरांना सांगून ठेवते. नाव काय तुझं, बाळा?”

मुलीने फोन बंद केला.

“हरले बाई मी,” मैत्रीण म्हणाली. “काय गोड आहे तुझी आई.”

संध्याकाळी आई आली, आणि नवल म्हणजे तो अर्धा तास तिने मागितलाच नाही. जेवायला बसल्या बसल्या ती आपणहून बाबांशी बोलायला लागली.

“अहो, आज एका पोरीचा फोन आला होता. आठ दिवस दाढ धरून बसलीय बिचारी. डॉक्टर मागेच उभे होते. म्हणाले, असं बोलणं शिकवून येत नाही कुणाला.”

“म्हणजे यंदाचा सत्कारही पक्का,” बाबा म्हणाले.

“सत्काराचं राहू द्या हो. जीव तुटला माझा. नावसुद्धा न सांगता ठेवला तिने. दिवसभर डोक्यातून जात नव्हती.”

मुलगी चावायची थांबली. म्हणजे तिचं बोलणं आईच्या मनात राहिलं होतं. दिवसभर राहिलं होतं. आता सांगायला काय हरकत होती?

“आई,” ती म्हणाली, “ती दाढ…”

“मोठी माणसं बोलत असताना मध्ये नाक खुपसू नकोस, कितीदा सांगायचं?” आईने तिच्याकडे नीट पाहिलं. “आणि तोंड कशाला फुगवून बसलीयस ते? गपचूप जेव.”

मग ती पुन्हा बाबांकडे वळली, आणि तिचा आवाज पुन्हा दवाखान्यातला झाला.

“मला तर तिच्या आईचं नवल वाटतं हो. घरात आई असून पोरीला परक्या बाईजवळ रडावं लागतं.”