सुटं कार्ड

२००७ सालची गोष्ट. धर्मापुरीची कावेरी लग्नाचे अल्बम करून द्यायची. ऐन लग्नसराईत तिचा लॅपटॉप तापून बंद पडायला लागला, म्हणून भर दुपारी ती परळीला केदारनाथच्या दुरुस्तीच्या दुकानात आली. एका नवरीचे सगळे फोटो त्यातच अडकले होते.

केदारनाथनं बॅटरी काढली, लॅपटॉप उघडला आणि आतलं ग्राफिक्स कार्ड सुटं करून टेबलावर ठेवलं. "हेच लई तापतंय, ताई. गार झालं की उष्णता ओढणारी नवी पेस्ट लावतो."

पण कार्ड गार होईना. वायर नाही, वीज नाही, तरी अर्ध्या तासानंही त्याला बोट लावता येत नव्हतं.

कावेरी पाणी प्यायला ओट्यावर गेली, तसा केदारनाथ म्हणाला, "पडलं बघा गार." ती आत आली आणि कार्ड पुन्हा चटके देऊ लागलं.

त्यानं तिला दोनदा बाहेर पाठवलं, दोनदा आत बोलावलं. दोन्ही वेळा तेच झालं.

"तुमी जरा लांब थांबता का? तवर मी बसवून टाकतो," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

रस्ता ओलांडून कावेरी समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिली. तिथून दुकान सरळ दिसत होतं. केदारनाथ एकटाच कार्डावर वाकून बसला होता.

एकाएकी चटका बसल्यासारखा त्यानं हात झटकला. मान वर न करताच तो वैतागून ओरडला, "ताई, परत आत कशाला आलात?"