जुनी स्लाइड

"बाई, तेल चोळून चोळून मीच वाढवली का हो पोरीची गाठ?"

लॅबच्या डॉक्टर शलाकासमोर कौसाबाई मुलीच्या गुडघ्याचे दोन रिपोर्ट घेऊन बसल्या होत्या. एक दोन वर्षांपूर्वीचा, साध्या गाठीचा. दुसरा आजचा, कॅन्सरचा. "तेव्हा साधी गाठ म्हणाले, म्हणून मी बिनघोर चोळत राहिले."

शलाका पुढे झुकली. "नाही हो मावशी. पेशीतली दोन जनुकं तुटली आणि त्यांचे तुकडे एकमेकांना चिकटले. त्यातून एक जोडप्रथिन तयार झालं. डीएनएची गुंडाळी उलगडणारी जी यंत्रणा असते, तिला ते भलत्याच जागी ओढून नेतं. मग जी जनुकं मिटून राहायला हवीत तीच उघडतात आणि पेशी वाढत सुटतात. चोळल्याने असं होत नसतं."

"म्हणजे माझ्या हातून काही झालं नाही?"

"तुमच्या हातून नाही."

कौसाबाईंच्या जिवात जीव आला. शलाकाने मात्र जुना रिपोर्ट हातात घेतला. सकाळीच तिने दोन वर्षांपूर्वीच्या नमुन्याची जुनी स्लाइड पुन्हा मायक्रोस्कोपखाली धरली होती. पेशी तेव्हाही अशाच होत्या. जोडजनुकाची तपासणी तेव्हाच पाठवायला हवी होती, पण आपल्या नजरेवर विसंबून तिने "गरज नाही" असं लिहून टाकलं होतं.

डोळे पुसत कौसाबाई उठल्या आणि तिच्या पाया पडायला वाकल्या. शलाकाने पाय चटकन खुर्चीखाली ओढून घेतले.

"बसा मावशी," ती म्हणाली. जुना रिपोर्ट पुढे सरकवून तिने खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही सही माझी आहे."