तिसरं कडवं

माइक हातात घेतला आणि समोरची पंचवीस हजार माणसं बघून माझी बोबडीच वळली. येशूची गाणी रॉकमध्ये वाजवणाऱ्या आमच्या बँडचा अल्बम एवढा गाजेल, स्टेडियम भरेल, असं नगरच्या आमच्या चर्चमध्ये कुणालाच वाटलं नव्हतं. पप्पांना तर नाहीच. चाळीस वर्षं ते तिथं दर रविवारी कुठलं गीत, त्यातली कुठली कडवी गायची ते मंडळीला सांगतात. “ड्रम वरातीत शोभतात. तुझा अल्बम मी ऐकणार नाही,” म्हणाले होते. आज मम्मीनं कसंबसं आणून त्यांना पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडलेल्या पहिल्या रांगेत बसवलं होतं.

घाबरून माझ्या तोंडातून निघालं ते पप्पांचंच, लहानपणापासून ऐकलेलं: “गीत क्रमांक सात. कडवं पहिलं, दुसरं आणि चौथं. मंडळीनं कृपया उभं राहावं.”

मंडळी दुपारपासून उभीच होती! हशा असा उसळला की ड्रमवरचा अमोस स्टुलावरून पडता पडता वाचला. आता बोललो तर बोललो. अल्बममधलं सातवं, मीच लिहिलेलं गाणं आम्ही धडाक्यात सुरू केलं आणि चर्चमधल्यासारखंच तिसरं कडवं गाळून थेट चौथ्यावर गेलो.

लोक चौथ्यावर गेलेच नाहीत. पंचवीस हजार गळे तिसरं गात राहिले, शब्द न् शब्द पाठ. आम्ही वाजवायचं विसरून बघत राहिलो.

पहिल्या रांगेत एक माणूस खुर्चीवर चढून, दोन्ही हात हलवत, त्या सगळ्यांकडून गाऊन घेत होता. पप्पा!

“अरे गाढवा,” ते माझ्यावर ओरडले, “तिसरं कशाला गाळतोस? सगळ्यात चांगलं तेच तर आहे!”