पायरीवरच्या बाटल्या

अताकामाच्या वाळवंटात रस्त्यावर कुणी मेला की तिथे त्याच्या आठवणीची घुमटी उभी राहते. येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकवाल्याने तीनदा भोंगा वाजवायचा, पाण्याची बाटली ठेवायची. ट्रक ड्रायव्हर एवारिस्तोने ही रीत चाळीस वर्षं इमानाने पाळली. चुकवली ती एकच घुमटी, रोसेंदोची. रोसेंदोला चिरडून पळालेला ट्रक एवारिस्तोचाच होता ना!

म्हातारा निवृत्त होऊन घरी बसला, आणि भर दुपारी दारावरून जाणारा प्रत्येक ट्रक तीनदा भोंगा वाजवू लागला. पायरीवर बाटल्या साचल्या.

"अरे गाढवांनो, जिवंत आहे मी!" तो एका ड्रायव्हरच्या अंगावर ओरडला.

ड्रायव्हरने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. टोपी काढून बाटली ठेवली आणि ट्रकमधल्या रिकाम्या सीटला विचारलं, "रोसेंदोदादा, तुम्ही म्हणालात ती घुमटी हीच ना?"